तिच्या नावाने बोललेला नवस

आंबोलीच्या सहलीला मी अजूनही माणसं नेतो, पण घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून गाऱ्हाणं घालत नाही. जुने पाहुणे पुन्हा येतात तेव्हा हमखास विचारतात, "काय हो, ते तुमचं होय म्हाराजा कुठे गेलं?" मी सांगतो, घसा बसलाय. गेलं वर्षभर माझा घसा बसलेलाच आहे. बायको जवळपास असेल तर ती माझ्याकडे एकदा बघते आणि आत निघून जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं म्हटलं की आधी देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने बोलायचं. कोण आलंय, कशाला आलंय, काय हवंय, आणि ते मिळालं तर बदल्यात काय करणार, सगळं खुलासेवार. एक जण बोलतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे "होय म्हाराजा" म्हणतात. एकदा होय म्हटलं की तो शब्द गेला, परत घेता येत नाही. म्हणूनच गाऱ्हाणं कोणीही उठून घालायचं नसतं. गावात त्याचा मान ठरलेल्या घराकडे असतो. आमच्या मूळ गावी, कुडाळच्या आतल्या अंगाला, तो मान माझ्या थोरल्या चुलतभावाकडे आहे. माझ्याकडे नाही. माझ्याकडे नुसता आवाज आहे.

देवबागला आमच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, बोटी माडाच्या झावळ्यांच्या झापांखाली जातात, आणि पाहुणे व्हरांड्यात बसून माझ्याकडे बघत राहतात. त्यांना समुद्र दाखवता येत नाही तर डोंगर दाखवावा म्हणून मी आंबोलीची एका दिवसाची सहल सुरू केली. सकाळी निघायचं, कुडाळ, सावंतवाडी करत वर जायचं, गोऱ्या साहेबाच्या काळातले बंगले, धबधबे, दरीतून उलटा येणारा वारा बघायचा आणि दिवेलागणीला घरी. आसपासच्या घरांतले पाहुणेही यायला लागले. मिनीबस भाड्याने घ्यावी लागायची, इतकी गर्दी व्हायला लागली.

त्याचं कारण आंबोली नव्हती, मी होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही, आता तर मुळीच नाही. मला बोलता येतं. साहेबाने वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला जायला हा रस्ता काढला, एवढीच माहिती माझ्याकडे खरी होती. बाकी मी वाढवलं. एका पडक्या बंगल्यात मी एक मडम आणली, तिला पियानो दिला, धुक्यात तो पियानो ऐकू येतो असं सांगितलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गाईडने तीच मडम स्वतःच्या पाहुण्यांना सांगितली तेव्हा मला राग आला. माझी मडम चोरली म्हणून.

गाऱ्हाणंही असंच सुरू झालं. घाट लागतो तिथे रस्त्याकडेला शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो घाटाचा राखणदार. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवतात, हात जोडतात आणि पुढे जातात. एकदा कंटाळलेल्या पाहुण्यांना जाग यावी म्हणून मी तिथे गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं, नारळ ठेवला आणि चुलतभावाची नक्कल केली.

"बा देवा, घाटाच्या राखणदारा म्हाराजा! आज ही ठाण्या-पुण्याची तुझी लेकरां तुझ्या दारात इली असत म्हाराजा! ह्येंची गाडी धडपणी वर ने नि धडपणी खाली हाड म्हाराजा!"

लोक "होय म्हाराजा" म्हणून ओरडले. मला जोर चढला. "ह्या नव्या जोडप्यात भांडाण होव नये म्हाराजा! झालाच तर घोवान आधी माफी मागूची म्हाराजा!" हसता हसता पुरेवाट. मोबाईल वर झाले. त्या दिवसापासून ते माझ्या सहलीचा भागच होऊन बसलं. कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाचा बॉस, मी सगळ्यांना त्यात घ्यायचो.

बायकोने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "देवाच्या म्होरची बोलणी ती. तेची मस्करी करू नकात." मी म्हटलं, "अगो, देवाक पण करमणूक व्हयी." या उत्तरावर मी स्वतःच किती खूश झालो होतो ते आठवतं.

ती बाई श्रावणात आली होती. ठाण्याची. सत्तरीच्या आसपासची, अंगाने बारीक, सोबत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. नात चालत नव्हती. जन्मापासूनच पायात जोर नव्हता, मुलगा तिला खांद्यावर घेऊन फिरायचा. पोर मोठी गोड, गाडीत सगळ्यांशी बोलत होती. मी तिला मडमेची गोष्ट सांगितली तर तिने विचारलं, "मडम चालायची का?" मी म्हटलं, "चालायची, पण पियानोपर्यंतच." तिला ते उत्तर आवडलं.

दगडापाशी माझं नेहमीचं सुरू झालं. मध्येच ती आजी माझ्या जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "भाऊ, माझ्या नातीसाठीपण म्हणाल का?"

ती हळू बोलली होती. ते मला कळलं होतं. तिला ते चारचौघांत नको होतं. पण माझ्या अंगात तेव्हा दहा-बारा माणसांचं हसू भरलं होतं. मी हात वर केला आणि आवाज चढवला.

"ह्या आज्येची नात आपल्या पायान चालाक लागली, तर ही आजी ह्यो आख्खो घाट पायान चढान येतली म्हाराजा!"

हशा पिकला. मुलगाही हसला, "आई, तयारीला लाग," म्हणाला. ती हसली नाही. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सगळ्यांच्या आवाजावर चढणाऱ्या आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा."

मी ते पाहिलं होतं. नंतर मी स्वतःची समजूत अनेक प्रकारे घातली, पण हे एक मला नाकारता येत नाही. तिने तो शब्द खरा मानला हे मला त्याच क्षणी दिसलं होतं. तिथल्या तिथे म्हणू शकलो असतो, मावशी, गंमत हां. मी पुढच्या पाहुण्याकडे वळलो.

त्यानंतरच्या वर्षी, दिवाळी होऊन महिना झाला असेल, सकाळी रिक्षा दारात थांबली आणि ती एकटीच उतरली. रात्रभर रेल्वेने कुडाळपर्यंत आली होती. मी ओळखलं नाही. तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी मोबाईल काढला आणि मला एक चित्रफीत दाखवली. एका दिवाणखान्यात ती पोर सोफ्याला धरून उभी होती. मग तिने सोफा सोडला. चार पावलं, पाच, मग पडली, मग हसली, मग परत उठली.

"देवाने ऐकलं, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकलं."

पोरीचं ऑपरेशन झालं होतं, वर्षभर रोज व्यायाम करून घेत होते. तिनेच हे सांगितलं. डॉक्टरांचं नाव ती आदराने घेत होती. पण डॉक्टरांनीच म्हणे आधी सांगितलं होतं की खात्री नाही, आणि म्हणून उरलेलं सगळं श्रेय तिच्या हिशेबी दगडाचं आणि माझं होतं. "उद्या पहाटे निघू या का? उन्हाआधी बरंच चढून होईल," ती म्हणाली. मुलाला सांगून आली नव्हती. मैत्रिणीकडे चालले म्हणाली होती. मुलगा चिडला असता, कारण तिच्या दोन्ही गुडघ्यांचंही आता ऑपरेशन सांगितलं होतं. जिने चढायचे नाहीत अशी सक्त ताकीद होती.

मी चहा पितो आहे असं दाखवत बसलो. तिला आंघोळीला पाणी काढून देऊन बायको बाहेर आली.

"तुमी सांगतास काय मी सांगू?"

"मी सांगतंय," मी म्हटलं.

"कधी?"

"सांगतंय म्हटलंय मां!"

संध्याकाळी चुलतभावाला फोन केला. आम्ही फारसे बोलत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गाऱ्हाणा तू घातलंस? तुका कोणी सांगलेला?"

"दादा, चुकी झाली. तेच्यार उपाय सांग."

"उपाय सोपो आसा. तिका हय घेवन ये. तिच्या म्होर देवाक सांग, मी मस्करी केलंय, हिच्या नावान खोटो नवस बोललंय. ता तू तुझ्या तोंडान सांगूक व्हया. मगे मी दुसरा गाऱ्हाणा घालतंय, तिका त्या शब्दातसून मोकळी करतंय. एक नारळ. खलास."

"आणि तिका न सांगता?"

"न सांगता कसा होतला रे?" त्याचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं. "शब्द तिचो जोडलेलो आसा. तिका कळाक नको?"

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर आलं होतं. ते वाक्य मी रात्री जेवताना म्हणणार होतो. ती बायकोला सांगत होती की गेले सव्वा वर्ष रोज संध्याकाळी ती इमारतीच्या गच्चीत चालते आहे, सवय व्हावी म्हणून. नात चालायला लागायच्या आधीपासून. "देव आपलं ऐकेल तेव्हा आपण तयार नको का?" असं म्हणून तिने भातात सोलकढी ओतली. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी ताटाकडे.

खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. एखादं माणूस समोर बसून मनापासून मानतंय की आपल्या तोंडात काहीतरी आहे, ते वर ऐकू जातं, हे सुखाचं असतं. मला ते सोडवत नव्हतं. हे लिहायलाही मला लाज वाटते.

पहाटे निघालो. पायथ्यापर्यंत मिनीबसने जायचं, पुढे ड्रायव्हरने ती मागून हळूहळू आणायची असं ठरलं. बायको आली नाही. ती आजीला एवढंच म्हणाली, "मावशी, दमलात तर गाडीत बसा हां. ह्यांच्या बोलण्यार जाव नकात." आजीला वाटलं, ही नवऱ्याची थट्टा करते आहे.

दगडापाशी तिने नारळ ठेवला, नमस्कार केला आणि चपला काढून पिशवीत टाकल्या.

"मावशी, अनवाणी नको. मी अनवाणी बोललो नव्हतो."

"नवस पायांचा आहे ना," ती म्हणाली, "मग चपलांनी कसा फेडायचा?"

मीही चपला काढल्या. तिच्या सोबतीसाठी काढल्या असं तिला वाटलं आणि तिने मला आशीर्वाद दिला.

गाडीने अर्ध्या तासाचा घाट. गाडीत बसून मी त्या रस्त्यावर शेकडो वेळा बोललो असेन, पण तो किती चढतो हे मला माहीत नव्हतं. पहिली काही वळणं ती चांगली चालली. रेलिंगला हात लावत, पदराने घाम पुसत. मग उजवा पाय ओढायला लागली. दर वळणावर मी ठरवायचो की पुढच्या वळणावर सांगायचं. तिथे माकडं असायची, किंवा ट्रक यायचा, किंवा ती नेमकी काहीतरी बोलत असायची. कारण काय, कुठलंही चाललं असतं.

अर्ध्यावर एका कठड्यावर बसलो. तिने तळपाय वर करून पाहिला, मला दिसू नये म्हणून लगेच खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही गाडीत किती छान माहिती सांगता. आज गप्पच आहात. सांगा ना, हा रस्ता साहेबाने बांधला म्हणालात, तो कसा बांधला?"

मी तोंड उघडलं. साहेबाने काढला, एवढं म्हणालो. खडक फोडणारे कोण होते, बायका होत्या का, पावसात राहत कुठे, किती मेले, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मडम माहीत होती. "मला खरंच माहीत नाही, मावशी," मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्या घाटात बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य असावं. त्याच्या पाठीवर दुसरं म्हणायला काहीच हरकत नव्हती. वेळ होती, एकांत होता, गाडी मागच्या वळणावर उभी होती.

आणि तिनेच दार उघडून दिलं. तिने गुडघे चोळले आणि दरीकडे बघत विचारलं, "भाऊ, एक विचारू? नाही झालं माझ्याच्याने पुरतं, तर पोरीचे पाय पुन्हा जातील का हो?"

तिचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. ही बाई आनंदाने नवस फेडायला आली आहे असं मी कालपासून धरून चाललो होतो. ती घाबरलेली होती. सव्वा वर्ष घाबरलेली होती. नात उभी राहिली तेव्हा आनंदाबरोबर तिला हेही आठवलं असणार, की आता आपल्याला तो घाट चढायचा आहे आणि नाही चढला तर. मुलाला सांगता येईना, डॉक्टरांना विचारता येईना. ती भीती तिला देवाने दिली नव्हती. दहा-बारा माणसांना हसवायला मी दिली होती.

"तसं काही होत नाही," मी म्हटलं.

"पण शब्द गेलाय ना?"

सांग, मी मनात म्हटलं. आता सांग. गंमत होती म्हण. ती रडेल, चिडेल, तुझ्या थोबाडीत मारेल, गाडीत बसून घरी जाईल. तिचे गुडघे वाचतील.

"हो," मी म्हटलं. "शब्द गेलाय खरा."

तिने मान हलवली, कठड्याला रेटा देऊन उठली आणि चालायला लागली.

तो "हो" मी का म्हटला याचं उत्तर मी गेलं वर्षभर शोधतो आहे. तिचा नवस खोटा ठरला तर पोरीच्या पायांवरचा तिचा विश्वास जाईल, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पोरग्येचे पाय तिच्या विश्वासार उभे नाय. डॉक्टरान उभे केले हत. तुमी तुमचा तोंड वाचवलास." मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

पुढची चढण किती वेळ चालली ते सांगवत नाही. ती दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी हात दिला तर घेत नव्हती, आधार घेतलेला चालेल का याची तिला खात्री नव्हती, आणि तिने मला ते विचारलंही. मी म्हटलं चालेल. या एका गोष्टीत मी तिला सूट दिली, जणू ती द्यायचा हक्क मला होता. मग ती माझ्या दंडावर सगळा भार टाकून चालली. डांबरावर मागे पुसट ओले डाग उठत होते. ड्रायव्हरने दोनदा गाडी जवळ आणून काच खाली केली आणि दोनदा मी त्याला हाताने मागे सारलं. तो माझ्यापेक्षा वयाने लहान, मला साहेब म्हणणारा, पण दुसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मान वळवली.

उन्हं माथ्यावर आली तेव्हा चढ संपला. पहिल्या चहाच्या टपऱ्या दिसल्या, त्यांच्यामागे साहेबाच्या काळच्या एका बंगल्याचं गंजलेलं छप्पर. सुट्टीचा दिवस होता. पर्यटकांच्या गाड्या उभ्या होत्या, पोरं कणसं खात होती. कोणी आमच्याकडे पाहिलं नाही.

"झाला ना घाट?" तिने विचारलं.

"झाला, मावशी."

तिने माझा दंड सोडला. सुटकेने ती इतकी हसत होती की क्षणभर मला तिची नात दिसली. मग ती माझ्यासमोर आली आणि एका हाताने टपरीचा बांबू धरून हळूहळू वाकायला लागली. तिला काय करायचं आहे ते मला कळलं. ते सुजलेले गुडघे वाकत नव्हते, तरी ती ते वाकवत होती.

"मावशी, अहो, तुम्ही मोठ्या आहात माझ्याहून."

"वयाने," ती खालूनच म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही बोललात म्हणून झालं."

मागे सरकलो असतो तर तिने का म्हणून विचारलं असतं. मी सरकलो नाही. तिचं कपाळ माझ्या पायांना लागेपर्यंत मी तिथे तसाच उभा राहिलो.